दगडी फणीतले बारा वाटे

अल्जीरियाच्या वाळवंटात, तिमिमूनच्या पलीकडल्या वस्तीत मबरूकाबाईंनी तेवीस वर्षं अपूर्णांक शिकवले. दरवर्षी एखादं मूल भाकरीचे चार लहानमोठे तुकडे करून पुढे ठेवायचं. बाई चूक म्हणायच्या आणि हात पुढे करायला लावायच्या.

यंदा ते मूल केल्तूम.

"सारखे का नाहीत गं?"

"चार घरं आहेत ना, बाई. काकांचा वाटा मोठाच असतो."

"हिच्या घरचं गणितपण काकाच खातो!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

केल्तूम एकदा नापास झालेली. गुरुवारच्या पेपरात पुन्हा बुडाली तर बाप तिला घरी बसवणार होता. बाईंनी पट्टी उचलली. पोरीच्या तोंडावर भीती दिसेना. खरं सांगूनही कुणी ऐकत नाही, याचा थकवा तेवढा होता. बाईंनी पट्टी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर्ग घेऊन बागांच्या तोंडाशी गेल्या. तिथे भुयारातलं पाणी दगडी फणीपाशी येतं आणि तिच्या फटींतून ज्याच्या त्याच्या पाटात जातं. केल्तूमची आई मसऊदा तिथे कपडे धूत होती.

"सगळ्यांत अरुंद फट कुणाची?"

"आमची."

"बोट घाल. किती मावतात?"

"एक."

"आता बाकीच्या मोज."

काकांची सहा बोटं, उरलेल्या दोघांची तीन आणि दोन. केल्तूमने बोटांवर बेरीज केली.

"सगळी मिळून बारा. आमचा बारावा वाटा, काकांचा निम्मा." मग हळूच म्हणाली, "म्हणजे बोटं सारखी पाहिजेत, बाई. घरांचे वाटे नाही."

इतकं सरळ बाईंना तेवीस वर्षांत सांगता आलं नव्हतं.

मसऊदाने कपडा पिळून बाजूला ठेवला. "मीही असेच तुकडे केले होते. तुमच्याच वर्गात. आठवतं?"

बाईंना आठवेना.

"दोनदा नापास झाले. मग घरीच राहिले."

पाणी फटींतून जात राहिलं.

गुरुवारी केल्तूमने आधी बारा सारख्या रेघा ओढल्या, मग उत्तरं लिहिली. ती पास झाली. निकाल घेऊन बाई स्वतः गेल्या, पण उंबऱ्यापाशी त्यांचा पाय अडला.

"या ना आत, बाई. बाहेर का उभ्या?"

मसऊदाने गरम भाकरी हातानेच मोडली. चार तुकडे झाले, लहानमोठे. त्यातला सगळ्यांत मोठा तिने बाईंपुढे ठेवला.