पंप ऐकणारी बाई

तिच्या डाव्या कानामागच्या हाडावर एक छोटा घट्टा पडला आहे. लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागे दाबायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं, हे तिचं काम. पंप बरा असेल तर त्याच्या पाठीवर निळ्या खडूची खूण, नसेल तर तांबड्या. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात दाब मोजायला, वीज मोजायला, धार मोजायला यंत्रं आहेत. पण पंप नुसता चालतो की नीट चालतो, हे शेवटच्या टेबलावर ती ठरवते. बेअरिंगमध्ये ग्रीस कमी पडलं की पंप बारीक शिट्टी मारतो. नवीन असताना ती शिट्टी आवाजाच्या ढिगाऱ्यात लपलेली असते, आणि घरोघरी बसवल्यावर थोड्याच दिवसांत किंचाळायला लागते. ती लपलेली शिट्टी पकडणारी म्हणून कारखान्यात तिचं नाव पडलं स्टेथो. खऱ्या नावाने तिला आता पगाराच्या चिठ्ठीशिवाय कोणी ओळखत नाही.

संशय आधी घरात शिरला. नवरा शाळेची बस चालवतो. दिवसभर पोरांच्या गोंधळावर ओरडून त्याचा घसा खडबडीत झालेला, घरी आल्यावर तो मुळातच बेताचं बोलतो. पण हल्ली तो मुद्दाम हळू बोलतो, असं तिला वाटायला लागलं. तो स्वयंपाकघरात भाचीशी काहीतरी बोलायचा, ती दारात आली की दोघं गप्प व्हायची. निदान तिला तरी ती गप्प झाल्यासारखी वाटायची. भाची म्हणजे तिच्या बहिणीची मुलगी, मोबाइलच्या दुकानात नोकरीला, गेल्या वर्षापासून त्यांच्याकडेच राहते.

"काय चाललंय तुमचं?"

"काही नाही गं. नळाचा वायसर गेलाय म्हणत होतो."

"वायसरसाठी एवढी कुजबुज?"

"कुजबुज? अगं, शेजाऱ्यांनी ऐकलं असेल!"

तिला ते पटलं नाही. नळाच्या वायसरमध्ये लपवण्यासारखं काय असतं, याचा विचार ती भांडी घासताना करत राहिली.

मग तो संशय कारखान्यात पोचला. फोरमन तिच्या टेबलाजवळ आला की तोंडातल्या तोंडात बोलतो. जेवणाच्या सुट्टीत बायका हसतात आणि ती बसली की विषय बदलतात. पॅकिंगला असलेली तिची जुनी मैत्रीणसुद्धा. ही मैत्रीण हातात बांगडीसारखं चिकटपट्टीचं रीळ घालून फिरते, म्हणून तिचं नावच चिकटपट्टी. दोघींनी कित्येक वर्षं एकाच बाकावर डबे उघडलेत. आता स्टेथो तिच्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागली होती.

मावशीला टीव्हीचा आवाज किती मोठा लागतो, हे भाचीच्या लक्षात आलं होतं. एका सुट्टीच्या दुपारी तिने टेबलावर एक छोटी पांढरी डबी ठेवली. आत दोन इअरबड्स.

"हे कानात घाल, मावशी. आधी फोन तुझे कान तपासेल. बारीक, जाड, सगळे सूर वाजवून बघेल. जे सूर तुला कमी येतात, तेवढेच हे बड्स वाढवून देतील. माणसाचा चष्मा असतो ना, तसं. तुझ्या नंबरचं."

"म्हणजे मी बहिरी?"

"मी कुठे असं म्हटलं? तपासून तर बघू."

"आणि हा फोन घरातलं सगळं ऐकत बसेल, त्याचं काय?"

"घरातलं? वायसरबद्दल?" नवरा पेपराआडून म्हणाला.

ती बसली, पण सावध होऊन. आयुष्यभर तिने दुसऱ्याच्या वस्तू तपासल्या होत्या. तपासणीला दोनच उत्तरं असतात, निळं किंवा तांबडं, आणि तांबडी खूण पडलेल्या मालाचं पुढे काय होतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. भाची समोर बसली, फोन हातात धरला आणि म्हणाली, "आवाज आला की बोट वर कर. नाही आला तर नको करू. यात पास-नापास काही नसतं."

पास-नापास नसतं म्हणून सांगतात तिथेच ते असतं, असा तिचा अनुभव होता.

पहिले जाड आवाज सहज आले. मग मध्येच शांतता लांबायला लागली. स्टेथोने भाचीकडे पाहिलं. दर वेळी पडद्यावर काहीतरी हललं की पोरीचे डोळे किंचित खाली जायचे आणि पुन्हा वर यायचे. आयुष्यभर बारीकसारीक फरक टिपत आलेल्या बाईला एवढं पुरेसं होतं. डोळे खाली गेले, बोट वर. डोळे खाली, बोट वर. एकदोनदा तिने मुद्दाम उशीर केला, फार चांगलं दिसू नये म्हणून.

भाचीने निकाल बघितला आणि भुवया वर केल्या. "मावशी, तुझे कान तर माझ्यासारखे आहेत! फोन म्हणतो, काही वाढवायची गरजच नाही."

"मग मी इतके दिवस काय भिंतीशी बोलतोय?" नवऱ्याने पेपर खाली ठेवला.

"बघितलंत?" ती म्हणाली. "कान माझे ठीक आहेत. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता."

बड्स तिने कानात तसेच ठेवून बघितले. फरक काहीच पडला नाही. पडणार कुठून? भाचीच्या डोळ्यांवरून घेतलेल्या नंबराचा चष्मा होता तो. पण खोटेपणाने मिळवलेला निकालही हळूहळू आपला वाटायला लागतो. दोन दिवसांत तिचं बोट केव्हा आणि का वर गेलं, हे ती विसरल्यासारखी झाली. उरला तो निकाल. कान ठीक आहेत, तेव्हा लोक खरोखरच कुजबुजतात.

त्याच सुमाराला माल परत यायला लागला. दुकानदारांकडून एकामागून एक पंप आले, सगळे शिट्टी मारणारे, सगळ्यांच्या पाठीवर निळ्या खडूची खूण. फोरमनने तिला बोलावलं. हा माणूस आडून बोलणारा नव्हता.

"बाई, राग मानू नका. कान तपासून घेता का?"

तिने पिशवीतून फोन काढला. निकालाचं चित्र भाचीने तिला पाठवलं होतं. फोरमनने चष्मा वर करून ते नीट पाहिलं.

"हे तर उत्तम आहे."

"मग?"

"मग हे पंप निळे कसे झाले?"

तिने फोन पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "माझ्या टेबलावरून पंप कोण उचलतं, ते बघा की."

उचलायची चिकटपट्टी. तांबड्या खुणेचे पंप जास्त झाले की तिचे खोके कमी भरायचे, आणि खोके कमी भरले की तिला बोलणी बसायची. हे फोरमनलाही ठाऊक होतं. खडू पुसायला ओलं बोट लागतं, दुसरी खूण करायला क्षणही लागत नाही. चिकटपट्टीच्या बोटांना नेहमी खडूची पूड लागलेली असायची, जशी ती पंप उचलणाऱ्या कोणाच्याही बोटांना लागली असती. पण संशयाने बघायचं ठरवलं की तेवढी पूडही साक्ष देते.

फोरमनने ठरवलं की महिनाअखेरीस चिकटपट्टीला माल चढवायच्या शेडमध्ये पाठवायचं. तिथे दिवसभर खोके ट्रकमध्ये चढवावे लागतात, आणि तिचा एक गुडघा केव्हाच गेलेला आहे. तिला कारण कोणी सांगितलं नाही. जेवणाच्या बाकावर ती स्टेथोलाच विचारत होती, "अगं, मी काय केलं? तुझं त्यांच्याशी बरं आहे, तू विचार ना."

"विचारते," स्टेथो म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

तिला पक्का पुरावा हवा होता. त्यामुळे तिने एक सापळा लावला. पंप निळा ठरवला की खडूच्या खुणेबरोबर ती त्याच्या बुडाशी, रंगावर, टाचणीने एक बारीक रेघ ओढायची. कोणाला सांगितलं नाही, फोरमनलासुद्धा. परत आलेल्या पंपावर निळा खडू असेल आणि रेघ नसेल, तर खूण दुसऱ्याने केली हे उघड. मग चिकटपट्टीची रडारड ऐकून घ्यायची गरज नाही.

रेघा ओढायला लागल्यानंतर बाहेर गेलेला माल परत आला तेव्हा फोरमन दारात फोनवर कोणाची तरी समजूत काढत होता. तिने पहिला पंप उलटा केला. रेघ होती. दुसरा केला. होती. ती वाकून एकेक पंप उलटवत गेली, आणि प्रत्येकाच्या बुडाशी तिच्याच टाचणीची रेघ होती, तिच्याच सवयीप्रमाणे डावीकडे थोडी झुकलेली. फोरमन परत येईपर्यंत तिने सगळे पंप सुलटे करून ठेवले.

"काय म्हणता?" त्याने विचारलं.

"बघते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी भाची दुकानातून आल्या आल्या स्टेथोने तिच्यापुढे डबी ठेवली.

"पुन्हा तपास."

"का? मागच्या वेळी तर..."

"तपास म्हटलं ना."

या वेळी तिने खुर्ची उलटी फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. डोळे मिटले, जसे ती पंपापुढे मिटते. जाड आवाज आले, बोट वर गेलं. मग बराच वेळ काही नाही. तिला वाटलं फोन बंद पडला. मागे वळून विचारावंसं वाटलं, पण ती वळली नाही.

भाची निकालाकडे बघत राहिली. पडद्यावरच्या आलेखाची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ जात होती आणि पुढे जिन्यावरून पडल्यासारखी खाली आली होती.

"बारीक आवाज जवळजवळ नाहीतच, मावशी. मागच्या वेळी काय केलंस तू?"

"तुझ्या डोळ्यांकडे बघत होते."

भाची हसली नाही. फोनवर काहीतरी खालीवर केलं आणि म्हणाली, "आता बघ."

पहिल्यांदा फ्रिज ऐकू आला. मग नवऱ्याच्या चपलेची करकर. मग तो स्वयंपाकघरातून म्हणाला, "अगं, दूध उतरवू का?" तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला होता. कदाचित कायमच त्याच आवाजात म्हणत आला होता.

"अहो, नळ टपकतोय," ती म्हणाली.

"गेले दोन महिने तेच सांगतोय मी."

सकाळी ती वेळेआधी कारखान्यात गेली. परत आलेल्यांपैकी एक पंप टेबलाला जोडला. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानामागे लावली, तर नुसती जाड घरघर आली. हाडातून आलेल्या आवाजाला बड्स काही करू शकत नव्हते. तिने दांडा बाजूला ठेवला आणि पंपाजवळ कान नेला. शिट्टी स्वच्छ होती. लपलेली वगैरे मुळीच नव्हती.

आता हिशेब सरळ होता, आणि तिने तो केलाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. बड्स कानात, केस पुढे ओढलेले. इथून पुढे एकही वाईट पंप निळा होणार नाही. चिकटपट्टी गेली आणि माल परत यायचा थांबला, एवढंच फोरमनला दिसेल. दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटून बसतील. रेघेबद्दल कोणालाच माहीत नव्हतं.

चिकटपट्टी कामावर आली, रीळ मनगटात चढवलं आणि आखडलेला गुडघा चोळत स्टुलावर बसली. तिचं ते हलकं कण्हणं स्टेथोला टेबलापर्यंत ऐकू आलं.

ती फोरमनकडे गेली. बरोबर पंप घेऊन गेली, कारण नुसत्या बोलण्यावर ती स्वतःही कोणावर विश्वास ठेवत नाही. तिने पंप त्याच्या टेबलावर उलटा ठेवला आणि रेघ दाखवली.

"ही माझी. मी पास केलेल्यावरच असते. खडू कोणी बदलला नाही."

"आणि तो फोनमधला निकाल?"

"कॉपी करून दिलेली परीक्षा होती ती." तिने केस मागे सारले. "खरी काल दिली. हे घातल्याशिवाय मला शिट्टी येत नाही."

फोरमनने चांगले-वाईट पंप मिसळून तिच्यापुढे ठेवले आणि स्वतः तिच्यामागे उभा राहिला, चेहरा दिसू नये असा. तिने एकही चुकवला नाही. पण त्याने सांगितलं की काही दिवस तिच्या प्रत्येक निळ्या पंपाला दुसराही कान लागेल, आणि तो कान चिकटपट्टीचा असेल. शेडची बदली रद्द.

चिकटपट्टीला सगळं तेव्हाच कळलं. ती ओरडली नाही.

"मला ऐकू यायची ती शिट्टी," ती म्हणाली. "पंप उचलताना. वाटायचं, स्टेथोची निळी खूण आहे, म्हणजे चालत असेल. मी कोण बोलणारी?"

"बोलायला हवं होतंस."

"हो ना. आणि तू?"

त्यानंतर त्या दोघी शेजारी उभ्या राहून काम करतात. एक ऐकते, मग दुसरी ऐकते, मग खडू लागतो. बॅटरी उतरत आली की बड्स कानात टुणकन वाजतात, तेव्हा स्टेथो डबी घेऊन बाजूला होते आणि तेवढा वेळ चिकटपट्टी एकटी ऐकते. कामापुरतं बोलणं होतं. डबा मात्र चिकटपट्टी आता खिडकीजवळच्या बाकावर, बाकीच्या बायकांमध्ये उघडते.

स्टेथो जुन्याच बाकावर बसते. मधलं अंतर बरंच आहे. पूर्वी तिला तिथून फक्त हलणारी तोंडं दिसायची आणि ती आपल्याबद्दलच हलतायत याची तिला खात्री असायची. तेव्हा तिथे बहुधा मुलांच्या फिया आणि सासवांचे विषय असायचे.

"कान हिचे गेले आणि शेडमध्ये मी जाणार होते," चिकटपट्टी सांगत होती. "वर मलाच विचारते, बोलली का नाहीस!"

बायका हसल्या. एकीने स्टेथोकडे बघून आवाज खाली आणला. स्टेथोला तोही नीट ऐकू आला. तिने बड्स काढले नाहीत. डबा संपवला, हात धुतले आणि टेबलावर जाऊन दोन्ही रंगांचे खडू जवळ ओढले.