काना गावचं लग्न आणि आमचं कोकम सरबत

आज चर्चमध्ये काना गावच्या लग्नावर प्रवचन झालं. द्राक्षारस संपला, तेव्हा येशूने पाण्याचा द्राक्षारस केला.

मला ऐंशीच्या दशकातलं, इथे रत्नागिरीतच झालेलं आमचं लग्न आठवलं. पाहुणे वाढले, म्हणून आत्याने कोकम सरबतात हंडाभर पाणी ओतलं. नवरदेव मला हळूच म्हणाले, "आमच्याकडे उलटा चमत्कार. सरबताचं पाणी झालं."

आज ते आठवून हसू आलं आणि मी सवयीने शेजारी वळले. यांना जाऊन वर्ष झालं. जागा रिकामी होती.

पाळक म्हणाले, या पहिल्या चिन्हातून येशूचा गौरव दिसला. मला त्यात एवढंच दिसतं, की लग्नघरातली लहानशी उणीवही त्याला लहान वाटली नाही.

पुढच्या रविवारी कोणी एकटं येणार असेल, तर माझ्या बाकावर जागा आहे. वेळेवर या.