सभागृहाच्या दोन कोनशिला

त्या दोन दगडांची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. लातूर शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. खून, दरोडे सगळं हाताळून झालेलं, आणि तपास आला कशाचा, तर कोनशिलेच्या चोरीचा.

बिल्डरांकडून महापालिका विकास शुल्क घेते. एका बिल्डरच्या अशा शुल्कातून गरीब वस्तीत सभागृह बांधलं होतं. बिल्डर म्हणे, पैसा माझा, नाव माझ्या वडिलांचं. नगरसेवक म्हणे, मंजुरी मी आणली, नाव माझं. दोघांनी दाराशेजारी आपापली संगमरवरी कोनशिला बसवली. उद्घाटन कुणी करायचं यावर घोडं अडलं आणि नव्याकोऱ्या सभागृहाला कुलूप लागलं. मग एका सकाळी दोन्ही कोनशिला गायब. दोघंही ठाण्यात हजर, दोघांचा संशय एकमेकांवर.

खबऱ्यानं सांगितलं, दगड बिल्डरच्या टेम्पोतून गेले. त्याच्या सुपरवायझरला आणून बसवलं.

"साहेब, आमचा बी दगड गेलाय की," तो वैतागून म्हणाला. "सोताचाच दगड कोण चोरंल?"

नगरसेवकाच्या माणसानंही हेच ऐकवलं. दिवस वाया गेला. वरून फोन चालूच, दगड सापडले का म्हणून.

चिडून मी पुन्हा घटनास्थळी गेलो. गर्दी नव्हती, म्हणून भिंत नीट पाहिली. दगड उचकटले तिथं गिलावा करून चुना मारलेला होता. चोर कधी भोकं बुजवत बसत नाही. ही भिंत चांगली दिसावी असं कुणाला तरी मनापासून वाटत होतं. समोरच्या घराला नवा रंग होता आणि दारात मांडवाचे बांबू पडले होते.

तिथं एक विधवा बाई राहायची. मेसमध्ये पोळ्या लाटून संसार चालवायची. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि दुसरा हॉल तिला परवडणारा नव्हता.

"मावशी, भिंत कुणी लिंपली?"

"म्याच," ती म्हणाली. "दगड बी म्याच काढले. न्हाणीत उपडे पडलेत, न्या. दगड हायेत तवर हे दोघं भांडून राहिले. दगडच न्हाई तर भांडतेल कायला?"

"एकटीनं उचलले?"

"हाव."

एकेक दगड जीपमध्ये चढवताना माझ्या दोन हवालदारांना घाम फुटला. मी जास्त विचारलं नाही.

चोर म्हणजे वस्तीतली गरीब विधवा, हे कळताच बदनामी नको म्हणून दोघांनी तक्रारी मागे घेतल्या. मला वाटलं, आता तरी लाज वाटून कुलूप निघेल. कसलं काय! ठाण्याच्या आवारातच दोघं पुन्हा जुंपले, कुणाचा दगड वर लावायचा. मी महापालिकेत फोन केला. उत्तर आलं, उद्घाटनाशिवाय चावी देता येत नाही.

लग्न रस्त्यावर झालं, कुलूपबंद सभागृहासमोर, भर उन्हात. बिल्डर आणि नगरसेवक दोघंही आशीर्वाद द्यायला आले आणि नवरा-नवरीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

चोर शोधायला आम्हाला पगार होता. पण कुलूप लावणाऱ्याविरुद्ध कुणी तक्रार देत नाही, आणि दिली तरी ती नोंदवायला कलम सापडत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

बाईनं माझ्या हातात ताट दिलं. मला तिच्याकडं बघवेना.

"असू द्या साहेब," ती म्हणाली. "फोटोत मागची भिंत तरी नीट दिसंल."