बोट निघाली नाही तेव्हा

तासगावला भावाच्या मळ्यात गेले, तर परदेशी जायची द्राक्षं वहिनी बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर पसरत होत्या. दोन बलाढ्य देशांचं बिनसलं होतं. त्यातल्या एकाशी आपली मैत्री, म्हणून दुसऱ्यानं समुद्राची वाट अडवली आणि आमची बोट निघालीच नाही. थोरांच्या वैराची झळ बघा, कुठल्या मळ्यापर्यंत येते.

"आता कसं हो, वहिनी?"

"कसं म्हणजे? वारा तर आपलाच आहे ना, वन्सं. तो कुणाला विचारून वाहतो?"

कोरडा वारा जाळ्यांतून सुसाट जात होता. परक्या देशाचं नाव छापलेली खोकी कोपऱ्यात रिकामी पडली होती. मी पदर खोचला. बेदाणा आमच्या गावाच्या नावानं विकला जातो.