कथेत सूर्य राहून गेला

त्या दुपारी वडील कथेतला सूर्य वगळून पुढे गेले. खळ्यावर बसलेल्या सगळ्यांना ते कळलं. त्यांना स्वतःला कळलं नाही.

आमचा पाडा पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. नवी नागली, म्हणजे नाचणी, आली की ती खाण्याआधी खळ्यावर थाळीची कथा होते. काशाच्या थाळीत मधोमध मेणाने एक लांब काडी उभी चिकटवतात. सांगणारा ती काडी बोटांनी वरून खाली ओढत राहतो, थाळी घुमत राहते आणि त्या आवाजावर जगाची कहाणी चालते. आधी सगळं पाणी. खेकडा तळातून चिखल आणतो, गांडूळ त्याची माती करतं, डोंगर उठतात, सूर्य-चंद्र कामाला लागतात आणि शेवटी कणसरी, म्हणजे धान्याची देवी, येते. थाळी वाजत असेपर्यंत सांगणाऱ्याला कुणी टोकायचं नाही. ती मध्येच थांबली तर कथा मोडली असं धरतात आणि नव्या नागलीला वर्षभर कुणी हात लावत नाही.

आदल्या वर्षी वडील अडखळले होते. कथा कशीबशी पार पडली. त्यानंतर पाड्याचे कारभारी घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "नाना, पुढच्या साली मोडनी तर थाळी भाच्याना हातमा देवानी." कारभारी उठून गेल्यावरही वडील बराच वेळ तिथेच बसून होते.

भाचा म्हणजे माझा आतेभाऊ. तो कथेत वडिलांचा झिलकरी. त्यांची ओळ उचलायची आणि ते विचारतील त्याला सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यायचं हे त्याचं काम.

वर्षभरात विसरणं वाढलं. जळगावला पिंप्राळ्यात ते माझ्याकडे राहिले, तेव्हा दूध आणायला उतरले आणि आमचीच इमारत शोधत बसले. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. वडिलांनी त्यांना एवढंच विचारलं, "कथेपर्यंत गावी जाता येईल ना?"

कथा सुरू झाली तेव्हा आवाज पक्का होता. खेकडा, गांडूळ, डोंगर, सगळं जागच्या जागी आलं. मग डोंगरावरून ते थेट नांगरणीवर गेले. शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, माझं मनगट धरलं. समोरच्या पुरुषांच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "बठ्ठा अंधार शे, भो." कारभाऱ्यांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं आणि तो गप्प झाला.

मी आतेभावाकडे पाहत होते. त्याने शेवटची ओळ उचलली, पुन्हा उचलली, तिसऱ्यांदा उचलली. झिलकऱ्याला एवढीच मुभा असते. वडिलांनी ती तशीच ओलांडली. अंधारात बैल जुंपले गेले, अंधारात पेरणी झाली. थाळी घुमत होती.

कथेत पेरणीनंतर एक प्रश्न येतो. सांगणारा विचारतो, उगवलं का? झिलकरी म्हणतो, उगवलं. मग सगळे तेच म्हणतात आणि कणसरी येते. दुसरं उत्तर मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

आतेभाऊ उगवलं म्हणाला असता, तर कथा वरवर पुरी झाली असती. पण सूर्याशिवाय पीक आलं हे सगळ्यांनी ऐकलं असतं आणि नंतर कारभाऱ्यांना निकाल द्यावाच लागला असता. थाळी त्याच्याकडेच आली असती. त्यासाठी त्याला फक्त नेहमीचा शब्द म्हणायचा होता.

"उगनं का?" वडिलांनी विचारलं.

"उगनं नही, मामा."

वडिलांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. काडीवरची बोटं मंदावली, आवाज बारीक झाला. अक्काची पकड घट्ट झाली. थांबले असते तर कथा तिथेच मोडली असती.

"का बरं उगनं नही?" वडील सुरातच म्हणाले.

आतेभावाने दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. "माटी थंडी शे, मामा. लई थंडी शे."

बोटं चालू राहिली. वडिलांचं तोंड मात्र बंद होतं. ते काय शोधत होते ते खळ्यावर प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणीही ते त्यांना देऊ शकत नव्हतं. त्यांनी पेरलेल्या जमिनीपासून उलटं जायला सुरुवात केली. नांगर. बैल. डोंगर. डोंगरापाशी थांबले, डोळे मिटले, आणि थाळी एकदम मोठ्याने घुमली.

"तो कोठे शे मग? डोंगरामांगे दडना का?"

"झोपी गया व्हई, नाना, उठाडा त्याले!" मागून एक म्हातारी ओरडली. हे टोकणं होतं की नाही यावर पुढे बरेच दिवस वाद झाला. तेव्हा मात्र सगळं खळं हसलं.

वडिलांनी डोंगरामागे कोंबडा पाठवला. तो कोंबडा कुणाच्याही कथेत नव्हता. कोंबड्याने सूर्याला शिव्या दिल्या, सूर्य डोळे चोळत वर आला, माती तापली. त्यांनी पुन्हा विचारलं. आतेभाऊ "उगनं" म्हणाला आणि मग आम्ही सगळे म्हणालो.

थाळी थांबली तेव्हा कुणी उठलं नाही. कारभारी माणसांशी हळू बोलले, मग बायकांच्या बाजूला वळले. "नागली दळा. कथा व्हयनी."

पुढच्या सालाबद्दल ते बोलले नाहीत, म्हणजे थाळी वडिलांकडेच राहिली होती. वडिलांनी मेण नखाने खरवडलं, थाळी धोतराने पुसली आणि भाच्यापुढे सरकवली.

"मामा, मी लेणार नही," तो म्हणाला. "तुम्हनी मोडनी नही."

"माले माहीत शे," वडील म्हणाले. "म्हणूनच आज देस. मोडल्यावर कारभारी काढी लेतीन, ते देणं नही."

आतेभावाने थाळीला हात लावला नाही. ती दोघांच्या मध्ये जमिनीवर होती. जात्यावर नागली पडल्याचा आवाज आला, बायका उठल्या, मीही उठले. परत आले तेव्हा थाळी त्याच्या मांडीवर होती आणि वडील त्याला कोंबड्याच्या शिव्या पुन्हा सांगत होते. मघाशी होत्या त्याहून वेगळ्या.