आग्रहापुढे नाना

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. सकाळी भूषणचा, माझ्या चुलतभावाचा फोन आला. "ताई, नाना गेले..." एवढंच बोलला. तो जळगावच्या दवाखान्यात होता, मागून काकूंचा आवाज येत होता. कसे गेले, हे मी विचारलं नाही. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

नाना माझे सख्खे काका, भूषणचे वडील. अमळनेरजवळच्या आमच्या गावात शेती करायचे, पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख होती ती भांडणं मिटवणारा माणूस म्हणून. अबोला धरलेले भाऊ, माहेरी येऊन बसलेली लेक, मोडायला आलेली सोयरीक... नानांना बोलावणं यायचं. ते आधी जेवायला बसत, मग विषय काढत. तुपात भिजलेली वरण-बट्टी, वर शिरा आणि घरच्यांचा आग्रह. एकदा तर भांडलेल्या दोन भावांच्या दोन्ही घरी ते लागोपाठ पोटभर जेवले. "ज्याच्या घरचा घास मला नको, तो माझं का ऐकेल?" म्हणायचे.

मग साखर निघाली. काकूंनी दादर ज्वारीची भाकरी, कमी तेलाची भाजी सुरू केली आणि नाना खरंच पथ्याला लागले. त्याच सुमारास एका घरी सोयरीक सांभाळायला गेले असताना त्यांनी गोडाचं ताट बाजूला सारलं. "नाना आता मोठे झाले, आपल्या घरचं खात नाहीत," असं गावभर झालं. पुढे ती सोयरीक मोडली. तशीही मोडलीच असती कदाचित. पण नानांनी ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर ते कुणालाही नाही म्हणाले नाहीत. काकू रडल्या, भूषण चिडला, मी डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. नाना सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचे. शेवटी मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं, पाणीसुद्धा बेतानं प्यायचं झालं.

आखाजीला मी गावी होते. ज्या मुलीला नानांनी समजूत घालून पुन्हा सासरी नांदायला पाठवलं होतं, तिनं जेवायला बोलावलं. मी मुद्दाम सोबत गेले. तिनं आमरसाची वाटी पुढे केली.

"माले डॉक्टरनी मना करेल शे, बेटा," नाना म्हणाले.

"एक वाटीमा काय व्हस, नाना? सणना दिन शे..." तिचे डोळे भरून आले.

या आजारात आंब्यातलं पोटॅशियम जिवावर बेतू शकतं, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, मान हलवली, पण वाटी मागे घेतली नाही. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती उचलली. मग दुसरीही घेतली.

परतताना म्हणाले, "तिला वाईट वाटलं असतं गं."

"आणि आम्हाला?"

दुसऱ्याच दिवशी त्यांना धाप लागली.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. पंगतीत भूषण बसला होता. त्यालाही गेल्या वर्षी साखर निघालीय. भावकीतले एक आबा शिऱ्याचा घास घेऊन त्याच्यासमोर वाकले. "नानांच्या नावाचा एवढा एक घे, बाबा." भूषणनं माझ्याकडे पाहिलं. काकूंनी मान फिरवली. मी उठायला लागले, तोवर त्यानं घासासाठी तोंड उघडलं होतं...