उभ्या गाडीचे तेल

लातूर हा स्वतंत्र जिल्हा होऊन फार वर्षे झाली नव्हती. नव्या कचेऱ्यांच्या भिंतींचा चुना अजून पांढराशुभ्र होता आणि त्याच कचेऱ्यांच्या आवारातून रोज सकाळी पाण्याचे टँकर बाहेर पडत होते. कारण लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. शिरूर अनंतपाळच्या बाजूला जाणारा टँकर शरणप्पा चालवीत असत.

शरणप्पा जातीचे लिंगायत तेली. वडिलांचा करडीचा घाणा होता. गिरण्यांच्या तेलापुढे तो टिकला नाही, तेव्हा शरणप्पांनी स्टिअरिंग हाती धरले आणि आयुष्याची उमेदीची वर्षे लातूर–हैदराबाद रस्त्यावर डाळीच्या लॉऱ्या चालवण्यात घालवली. पहाटे इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय त्यांनी कधी गाडी सुरू केली नाही आणि त्यांच्या हाताखालचे एकही इंजिन कधी उघडावे लागले नाही. या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो अनाठायी नव्हता. मीटरवर ठरलेले किलोमीटर भरले की तेल बदलायचे, हा त्यांचा नेम. तो त्यांनी पूजेइतक्याच निष्ठेने पाळला होता.

टँकरवर आल्यावरही नेम तोच राहिला. सरकारी नियमही तोच होता, त्यामुळे शंका येण्याचे कारण नव्हते. दिनक्रम मात्र अगदी निराळा होता. घरणी नदीच्या काठच्या विहिरीवर गाडी लावायची आणि इंजिनावर चालणाऱ्या पंपाने टाकी भरून घ्यायची. मग दोनचार मैल फुफाट्यातून जाऊन एखाद्या गावच्या कोरड्या आडात ते पाणी सोडायचे आणि परत फिरायचे. पाणी सोडताना पंप लागत नाही; खालचा कॉक उघडला की टाकी आपोआप रिकामी होते. तरीही शरणप्पा इंजिन बंद करीत नसत. सुरुवातीच्या दिवसांत एकदा गाडी एका गावात बंद केली ती पुन्हा सुरूच झाली नव्हती. पुढच्या गावच्या बाया घागरी घेऊन उन्हात ताटकळल्या होत्या. शिवाय इंजिनाचा आवाज दूरवर जातो, तो ऐकून बायांना धीर येतो, असे त्यांनी मनाशी धरले होते.

फेरीतले शेवटचे ठिकाण म्हणजे माळावरची बौद्ध वस्ती. तिथली पंचफुला ही जिल्ह्याच्या गॅरेजमधल्या लिंबाजी मिस्त्रींची धाकटी बहीण. पाणी आडात पडून संपले तरी टँकर थरथरत उभा असे. तेव्हा ती हसून म्हणायची की अप्पांची गाडी लई बोलकी हाय, काम झालं तरी उठायचं नाव न्हाई. शरणप्पाही हसत आणि गाडी काढत.

चैत्र सरता सरता इंजिनाचा स्वर बदलला. चढावर आतून कोणी हळूच दार ठोठावावे तसा आवाज येऊ लागला आणि तेलाच्या दाबाचा काटा गाडी तापली की खाली झुकू लागला. शरणप्पांनी गाडी लिंबाजींना दाखवली. लिंबाजींनी तेल मोजायची पट्टी उपसली, तिच्यावरचे तेल दोन बोटांत चोळले आणि नाकाशी धरले.

"अप्पा, हे आईल हाय का काजळ? डिझेलचा वास येतोय याला."

शरणप्पांनी मीटरकडे बोट दाखवले. ठरलेल्या आकड्याला अजून निम्मा पल्ला बाकी होता.

"तुमचं मीटर रस्ता मोजतंय," लिंबाजी म्हणाले, "इंजन न्हाई मोजत."

मग त्यांनी समजावून सांगितले. हैदराबादच्या रस्त्यावर इंजिन एकदा तापले की एका लयीत चालते, इंधन पुरते जळते आणि तेल स्वच्छ राहते. तिथे किलोमीटरचा हिशेब खरा ठरतो. इथे गाडी पुरती तापत नाही तोच थांबते आणि उभ्या उभ्या चालत राहते. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी तेलात उतरते, न जळलेले डिझेल झिरपून तेल पातळ होते, वर माळाची धूळ. चाक फिरले नाही तरी तेल झिजतच असते. गाडी आज इथेच ठेवा, असा त्यांचा सल्ला होता.

शरणप्पांना ते बोलणे लागले. मिस्त्री आपल्या गाडी चालवण्यालाच नावे ठेवतो आहे, असे त्यांना वाटले. गाडी ठेवली तर तुझ्याच बहिणीच्या वस्तीला आज पाणी मिळायचे नाही, असे सुनावून ते निघाले. लिंबाजी फाटकापर्यंत मागे आले आणि एवढेच म्हणाले, की काटा तळाला गेला तर एक पाऊलही पुढं रेटू नका.

काटा तळाला गेला तो वस्तीच्या अलीकडच्या चढावर. ठोठावण्याचा आवाज एकाएकी वाढला. शरणप्पांनी त्याच क्षणी इंजिन बंद केले आणि चाकाला दगड लावले. टाकी भरलेली होती, वस्ती समोर दिसत होती. थोड्या वेळाने बाया घागरी, डबे, हंडे घेऊन माळ उतरून आल्या. शरणप्पांनी कॉक उघडला आणि मान खाली घालून ते बाजूला उभे राहिले.

"अप्पा, रोज तुम्ही पानी आणताय," पंचफुला म्हणाली, "आज आम्हीच तुम्हाला आणायला आलो."

कोणीतरी हसले. पण घागर डोक्यावर घेताना तिने विचारले, "आणि उद्या?"

त्या वस्तीला दुसरा टँकर नव्हता, आणि ज्या आडात रोज पाणी पडत असे त्याचा तळ कालच दिसू लागला होता. शरणप्पा म्हणाले की गाडी कशाने दमली तेच कळेना, चालली तर फारशी नाही.

"उभ्या उभ्या दमली," पंचफुला सहज बोलून गेली. "चालणं तिला ठावंच कुठं हाय."

बाया गेल्या. शरणप्पा टँकरच्या सावलीत बसून राहिले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे वडिलांचा घाणा आला. डोळ्यांना झापड बांधलेला पांढरा बैल सकाळपासून फिरत असे. संध्याकाळी त्याला सोडले की तो होता तिथेच असे. एक कोसही पुढे गेलेला नसे. पण वडिलांनी त्याची वाट कधी मोजली नाही. दर सोमवारी ते त्याला जुंपत नसत. सोमवार नंदीचा, हे तर खरेच. परंतु त्या श्रद्धेत जनावराच्या थकव्याची जाण मुरलेली होती. तो बैल म्हातारा होऊन मेला, घाण्यावर कोसळून नव्हे. आपण त्याच घरात वाढलो, आणि चाक जागचे हलले नाही म्हणून इंजिन दमले नाही असे मानून बसलो, याचे शरणप्पांना नवल वाटले आणि लाजही वाटली.

शरणप्पांनी एसटीच्या वाहकाकडे लिंबाजींसाठी निरोप धाडला होता. ऊन उतरायच्या आत लिंबाजी तेलाचा डबा आणि हत्यारे घेऊन आले. खालून सोडलेले तेल डांबरासारखे काळे, पण पाण्यासारखे पातळ होते. इंजिनाच्या तळाच्या बेरिंगा काढून लिंबाजींनी त्या उन्हात निरखल्या आणि म्हणाले, "वाचल्या. वेळेवर बंद केली म्हणून." सकाळच्या बोलण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. फक्त नवे तेल ओतताना डबा शरणप्पांनी धरला.

दुसऱ्या दिवशी फेरी चुकली नाही. ती आटोपून दोघे टँकरांची व्यवस्था पाहणाऱ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे सारे ऐकून घेतले आणि रास्त प्रश्न विचारला. किलोमीटर नको, तर माप कोणते? अंदाजाने तेल देता येणार नाही.

"सोमवारचं माप, साहेब," शरणप्पा म्हणाले. "एक सोमवार आड तेल बदलू. गाडी किती का चालंना."

साहेबांनी लिंबाजींकडे पाहिले. लिंबाजींनी मान डोलावली. साहेबांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. तेल लवकर बदलणे हा अर्धाच उपाय झाला. जिथे पंप लागत नाही तिथे इंजिन बंद असले पाहिजे. गाडी पुन्हा सुरू न होण्याची भीती शरणप्पांनी बोलून दाखवली, तेव्हा साहेबांनी बॅटरी बदलून देण्याचे मान्य केले.

त्या संध्याकाळी लिंबाजींनी नवी बॅटरी बसवली. दुसऱ्या दिवशी शरणप्पा वस्तीवर पोहोचले आणि आडाशी गाडी लावून त्यांनी किल्ली फिरवली. माळ एकदम निःशब्द झाला. कॉक उघडला. इतक्या महिन्यांत प्रथमच त्यांना खोल आडाच्या तळाशी पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला; आधी दगडावर, मग पाण्यावर.

टँकरचा आवाज आज आडाशी येताच थांबला म्हणून पंचफुला घागर न घेताच धावत आली होती.

"बंद पडली का, अप्पा?"

"न्हाई बाई," शरणप्पा म्हणाले, "जुवातनं घडीभर सोडलीय."

ती आडाशी वाकली, खालचा आवाज ऐकला आणि घागर आणायला वळली.